उमज : चौतीस

आमच्या घरात भांडणं नवरा-बायकोत फारशी झाली नाहीत, कारण माझ्या नवऱ्याची भांडायची सगळी हौस ‘भौतिक कट्ट्या’वर भागत असे. भौतिक कट्टा म्हणजे नेटवरचा मराठी माणसांचा एक गट. तिथं कुणीही भौतिकशास्त्रातला प्रश्न टाकावा, कुणीही उत्तर द्यावं आणि मग उरलेल्या हजारो लोकांनी ‘तुम्हाला मुळात विषयच कळलेला नाही’ असं एकमेकांना सांगावं, अशी तिथली रीत. आमचे हे, म्हणजे श्रीरंग नेसरीकर सर, गडहिंग्लजच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांची तोंडं मी उघडायची आणि संध्याकाळी यांचं तोंड बंद होण्याची वाट बघायची, असा आमचा संसार.

त्या वेळचं भांडण एका साध्या प्रश्नावरून पेटलं. जतच्या एका मुलीनं विचारलं होतं : सरळ वर फेकलेल्या चेंडूला वर जायला जास्त वेळ लागतो, की खाली यायला? सरांनी तत्परतेनं उत्तर दिलं, दोन्हीला सारखाच. खाली समीकरण, आकृती, सगळं नीट. तासाभरात पुण्याहून डॉ. केतन वाघोलीकर उगवले. हे एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा चालवतात, आणि सरांना खोडून काढणं हा त्यांचा आवडता विरंगुळा.

‘पुस्तकातल्या चेंडूबद्दल सर बरोबर आहेत,’ वाघोलीकरांनी लिहिलं. ‘हवेतला चेंडू मात्र खाली यायला जास्त वेळ घेतो. हवा त्याची ऊर्जा खात असते. सर कुठल्या जगात राहतात ते त्यांनी सांगावं.’

‘प्रश्न अकरावीच्या धड्यातला आहे. हवेचा विरोध नगण्य मानायचा असतो,’ सरांचं उत्तर.

‘नगण्य मानला म्हणून तो जात नाही. मुद्दा इतकाच की फिजिक्स पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं. आता ते मोजायची सोय झालेली आहे, सर. आधी आकडा दाखवा, मग बोला.’

हा आकडा म्हणजे उमज.

उमजमापक बाजारात येऊन तेव्हा वर्षच झालं असेल. त्यामागची कल्पना इतकी सुरेख आहे, की ती ऐकून मला पहिल्यांदा त्या शोधणाऱ्यांना नमस्कार करावासा वाटला होता. आपला मेंदू गप्प बसून जग बघत नाही. पुढच्या क्षणी काय होणार, याचा तो सतत अंदाज बांधत असतो. कप टेबलाच्या कडेवरून सरकला, की तो खाली पडणार हे मेंदूनं आधीच धरलेलं असतं. समजा कप हवेतच तरंगला, तर अंदाज चुकल्याची एक लहर मेंदूत उठते आणि डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात. हे सगळं आपण ‘अरेच्चा’ म्हणायच्या आधी घडतं. उमजमापक एवढंच पकडतो. कपाळावर पट्टी बांधायची, समोरच्या पडद्यावर छोट्या छोट्या चित्रफिती बघायच्या. काही खऱ्या असतात, काहींमध्ये निसर्गाचा एखादा नियम संगणकानं गुपचूप मोडलेला असतो. नियम मोडला तिथं दचकलात आणि खरं घडलं तिथं शांत राहिलात, तर तुम्हाला विषय उमजलेला आहे. पाठांतराचा इथं काही उपयोग नाही, कारण दचकणं पाठ करता येत नाही.

यंत्र शाळकरी पोरांसाठी बनवलं होतं. कोणाची समज नेमकी कुठं अडली आहे ते कळावं आणि तिथून शिकवावं, हा हेतू. पण मोजता आलं की माणूस क्रम लावतोच. कट्टा चालवणाऱ्या मंडळींनी प्रत्येकाच्या नावापुढं एक चौकट आणली. परीक्षा देऊन यायची आणि वाटलं तर आकडा त्या चौकटीत लावायचा, शंभरापैकी. न लावला तर चौकट रिकामी राहील, बाकी काही अडणार नाही. लावलेला आकडा साठच्या खाली असेल तर मात्र प्रश्न विचारता येतील, उत्तरं देता येणार नाहीत. वाघोलीकरांच्या चौकटीत एक्याण्णव होतं. अख्ख्या कट्ट्यावर तेवढा कुणाचाच नव्हता.

त्यानंतर भांडणं झटपट मिटायला लागली. कुणी काही मांडलं, की खाली एकच ओळ येई : ‘तुमचा आकडा?’ लोक युक्तिवाद वाचायचे सोडून चौकट बघायला लागले. कोल्हापुरात उमज वाढवायचे क्लाससुद्धा निघाले.

‘मी देऊन येतो परीक्षा,’ सर एका सकाळी म्हणाले.

‘कशाला? चौकट रिकामी असली तरी उत्तरं देता येतात की.’

‘अगं, पण पोरं विचारतात. सर, तुमचा किती? मी काय सांगू? घाबरतो म्हणून सांगू?’

‘तुम्ही घाबरता का?’

‘छे! सव्वीस वर्षं शिकवतोय.’

रविवारी कोल्हापूरला गेलो. परीक्षा केंद्र एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या रुपाली नावाच्या मुलीनं सरांच्या कपाळाला पट्टी बांधली, हसून ‘सर, निवांत बसा की’ म्हणाली. मी काचेबाहेर बसले. चित्रफिती मला दिसत नव्हत्या, सरांचा चेहरा दिसत होता. बोर्डाच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जाताना असतो तसा तो ताठ होता.

बाहेर आल्यावर रुपालीनं आकडा सांगितला. चौतीस.

सरांना वाटलं तिनं कुणा दुसऱ्याचा सांगितला. तिनं पुन्हा बघितलं आणि मान खाली घालून परत तेच सांगितलं. मग सरांनी विचारलं, चुकलं कुठं? मला वाटलं होतं ते यंत्राला शिव्या घालतील.

रुपालीनं काही चित्रफिती पुन्हा लावल्या. कॅरमच्या बोर्डावर सोंगटी घसरत जाते आणि हळूहळू थांबते. खरी चित्रफीत. सर तिथं दचकले होते. दुसरीत तीच सोंगटी वेग जराही न सोडता जात राहते. ही बनावट, पण सर शांत. झोपाळ्याला झोका दिला, तो झुलून झुलून मंद झाला, सर दचकले. झोपाळा तसाच झुलत राहिला, सर शांत. वर फेकलेलं बॅडमिंटनचं फूल भराभर वर जाऊन रेंगाळत खाली आलं, तिथं तर बाहुल्या सगळ्यांत मोठ्या झालेल्या.

‘सर, घरी अंगणात बसून बघितलं असतं तर असं झालं नसतं,’ रुपाली अवघडून म्हणाली. ‘तुम्ही फिजिक्सचा पेपर म्हणून बसलात ना, मग मेंदू पुस्तकातलं धरून बसला. बारावीचे शिक्षक आले की बहुतेकांचं असंच होतंय बघा. घर्षण नाही, हवा नाही, असं सगळं.’

मला हसू यायला लागलं होतं, ते मी मोठ्या कष्टानं गिळलं. सव्वीस वर्षं या माणसानं फळ्यावर ‘घर्षण नगण्य मानू’ लिहून गणितं सोडवली आणि शेवटी मेंदूनं ते खरं मानलं. अशी चूक करायला फिजिक्सचा मास्तरच पाहिजे. गाडीत मात्र माझं हसू पळालं. कागलपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. एकदम म्हणाले, ‘तो वाघोलीकर बरोबर होता गं. मी कुठल्या जगात राहतो ते मलाच माहीत नव्हतं.’

घरी आल्यावर मी स्पष्ट सांगितलं. आकडा कुणाला दाखवायची सक्ती नाही. चौकट रिकामी ठेवा. हवं तर दोन महिने क्लास लावा, सुधारेल तेव्हा लावा. संध्याकाळी कट्ट्यावर बसून पोरांना उत्तरं देणं हा या माणसाचा श्वास होता. कुठल्या कुठल्या गावची मुलं, ज्यांच्या कॉलेजात फिजिक्सला वर्षभर शिक्षकच नसतो, ती यांच्या भरवशावर बसलेली. आकडा लावला की ते सगळं बंद होणार होतं. हे त्यांनाही माहीत होतं.

‘पद्मा, मी वर्गात काय करतो?’ ते म्हणाले. ‘एखाद्या पोरानं फळ्यावर गणित चुकवलं तर मी डस्टर हातात घेऊ देत नाही. चुकलेलं तसंच ठेवायचं, त्याला गोल करायचा, शेजारी बरोबर लिहायचं. आता माझं चुकल्यावर मी डस्टर घेऊ?’

आणि त्यांनी आकडा लावला. नुसता लावला नाही, खाली सविस्तर लिहिलं : कुठं दचकलो, कुठं दचकायला हवं होतं, आणि जतच्या मुलीला दिलेलं उत्तर अर्धंच होतं, डॉ. वाघोलीकरांचं म्हणणं पूर्ण होतं. मजकूर पाठवल्याबरोबर त्यांच्या पडद्यावरची उत्तराची जागा करडी झाली. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला, की मी चहा टाकायला उठले.

गाव लहान. चार दिवसांत सगळ्यांना कळलं. माझ्या खुर्चीत दाढ दाखवायला बसलेले भडगावचे एक पाटील म्हणाले, ‘डॉक्टर, सरांचा आकडा लई कमी आला म्हनं? चौतीस म्हंजे एका मार्कानं नापासच नव्हं?’

‘तोंड उघडा,’ मी म्हणाले. त्या दिवशी त्यांना भुलीचं इंजेक्शन दिलं, पण नेहमीसारखं गोड बोलून दिलं नाही.

कट्ट्यावर काहींनी सरांचं कौतुक केलं, बऱ्याच जणांनी चेष्टा केली. वाघोलीकरांनी फक्त एक नमस्काराचं चित्र टाकलं. ते खवचट होतं की खरं, यावर लोकांनी दोन दिवस वाद घातला, पण चौतीसवाल्याला त्यात बोलायची मुभा नव्हती. घर शांत झालं. इतकी वर्षं मी ज्या शांततेची वाट बघत होते ती आली आणि मला ती मुळीच आवडली नाही. मुलांचे प्रश्न येत राहिले, ‘सर, सांगा ना’. सर ते वाचत आणि फोन पालथा ठेवत.

मग त्यांनी बघायला सुरुवात केली. मला दुसरा शब्द सुचत नाही. नळाची धार बघत, शेजारच्यांच्या पाळण्यातलं पोर झोपल्यावर पाळणा किती वेळानं थांबतो ते बघत. एका लग्नात अक्षता पडल्यावर सगळे जेवायला पळाले आणि हे मांडवात उभे. तांदळाचे दाणे सतरंजीवर कुठं कुठं गोळा झाले होते ते यांना बघायचं होतं. मला लाज वाटली, पण ओढत नेलं नाही. पन्नाशीतला माणूस आपला विषय पहिल्यापासून शिकायला बसला होता, आणि तोही कुणी परीक्षा घेणार नसताना. असं करायला काय लागतं ते मला माझ्या धंद्यामुळं थोडं कळतं. आम्ही डॉक्टर लोक शिकलेलं विसरायला काही केल्या तयार नसतो.

प्रश्न विचारायची परवानगी होतीच. सरांनी कट्ट्यावर रोज एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. पोळी तव्यावर आधी कडेला फुगते की मध्ये, आणि का? धुण्याच्या दोरीवरची ओली चादर खालच्या बाजूला उशिरा वाळते, ते पाणी खाली उतरतं म्हणून की तिथं वारा कमी लागतो म्हणून? पहिले काही दिवस आकडेवाल्यांनी पटापट उत्तरं दिली. सर खाली उत्तर देऊ शकत नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी नवीन प्रश्न टाकत : तुम्ही म्हणता तसं असेल, तर जाड चादरीत आणि पातळ चादरीत फरक पडायला हवा. पडतो का? कुणी बघितलंय?

कुणी बघितलेलं नसे. मग लोक बघायला लागले. ऐंशी-पंच्याऐंशीवाले इंजिनिअर गच्चीत चादरी वाळत घालून फोटो टाकायला लागले. मग चाळीसवाले प्रश्नाच्या जागेत लिहीत : आमच्याकडं उलटं झालं. आता हे तर उत्तर झालं, आणि उत्तराला बंदी. लोकांनी पळवाट काढली. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं. ‘आमच्याकडं उलटं झालं, असं का?’ चालकांनाही ते अडवता येईना.

काकवीचा प्रश्न आला तो नाश्त्याच्या वेळी. थंडीचे दिवस, गुऱ्हाळं सुरू झालेली, आणि एका पेशंटनं बरणीभर ताजी काकवी आणून दिली होती. मी चमचा उंच धरून भाकरीवर धार सोडली. घट्ट पाक तो, धार खाली टेकली की सरळ पसरत नाही, दोरी गुंडाळावी तशी वेटोळी घालत बसते. सर एकदम माझा हात धरून म्हणाले, ‘थांब. पुन्हा सोड.’ मी पुन्हा सोडली. ‘अजून एकदा.’ माझी भाकरी काकवीत बुडाली.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता : काकवीची धार वेटोळी का घालते ते मी वाचलं आहे. घट्ट धारेला दबण्यापेक्षा वाकणं सोपं जातं. पण वेटोळं डावीकडून घालायचं की उजवीकडून, हे कोण ठरवतं?

वाघोलीकर दहा मिनिटांत हजर. ‘कुणीच नाही. सुरुवातीला जो बारीकसा धक्का लागेल, त्या बाजूला. नाणेफेकीसारखं.’

दुसऱ्या दिवशी सरांचा प्रश्न : मग निम्म्या वेळा डावं आणि निम्म्या वेळा उजवं यायला हवं. येतं का?

त्या आठवड्यात महाराष्ट्रात किती काकवी, मध आणि पाक सांडला असेल, कुणास ठाऊक. कट्टा आधी कधी नव्हता इतका गजबजला. कोणाकडं एकच बाजू येत होती, कोणाकडं मध्येच धार बाजू बदलत होती. डावखुऱ्यांचं वेगळं येतं, असं कुणी म्हणालं. दुसऱ्यानं ते खोडलं. भांडणं झाली, जोरदार झाली, आणि गंमत म्हणजे ‘तुमचा आकडा?’ असं कुणीही कुणाला विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता. अशा चित्रफिती यंत्रात नव्हत्याच. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे त्यावरच यंत्र आपल्याला जोखणार, ही त्याची मर्यादा सगळ्यांना एकदमच दिसली.

वाघोलीकर मात्र गप्प झाले होते. मला वाटलं, रुसले.

रविवारी सकाळी त्यांचं लिखाण आलं. सरांनी वाचलं आणि फोन माझ्याकडं दिला. वाघोलीकरांनी प्रयोगशाळेत हाताचा धक्का लागू नये म्हणून नळी शिकंज्यात बसवली होती. वारा यायची वाट बंद केली होती. मध वापरला, काकवी मागवून वापरली. धार कितीतरी वेळ एकाच बाजूला वेटोळी घाले आणि मग काहीही न बदलता उलटी फिरे. त्यांनी सगळी कारणं तपासून बाद केली होती. शेवटची ओळ अशी होती : ‘नेसरीकर सरांच्या प्रश्नाचं मी आधी दिलेलं उत्तर घाईचं होतं. धार बाजू का बदलते, ते मला माहीत नाही.’

कट्टा सुरू झाल्यापासून त्या माणसानं हे तीन शब्द लिहिले नव्हते. नावापुढं एक्याण्णव आणि खाली ‘मला माहीत नाही’. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. इतक्या लोकांसमोर हे लिहायचं म्हणजे छातीच पाहिजे, आणि ती आपल्या नवऱ्याकडंच आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते.

सरांना खाली काही लिहिता येत नव्हतं. जागा करडीच होती. ते पडद्याकडं नुसते बघत बसले. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

‘नेसरीकर सर? मी केतन वाघोलीकर. चालकांकडून नंबर घेतला.’ आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बराच तरुण आणि बराच अवघडलेला होता. ‘सर, त्या चौकटी काढून टाका म्हणून मी आजच लिहितोय त्यांना. माझ्यापासून सुरुवात करा म्हणून. पण ते नंतर. आधी मला उत्तर सांगा. आठवडाभर झोप नाही मला.’

‘कसलं उत्तर?’

‘धार बाजू का बदलते?’

‘मला काय माहीत!’ सर म्हणाले.

‘म्हणजे? तुम्हाला उत्तर माहीत नव्हतं?’

‘अहो साहेब, माहीत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?’

वाघोलीकर हसायला लागले. सरही हसले, आणि हसता हसता त्यांचा चष्मा ओला झालेला मी बघितला. मग वाघोलीकर म्हणाले की त्यांना संशय आहे तो नळीच्या तोंडाशी चिकटणाऱ्या थेंबाचा. सर ताडकन उठून उभे राहिले.

‘नाही हो, थेंबाचा काय संबंध? तुम्ही चुकताय!’

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. आवाज चढत चालला होता. शेजारच्यांना ऐकू जाईल म्हणून एरवी मी खिडकी लावून घेतली असती. त्या दिवशी लावली नाही.